पांढरीखालचे नेवासे

मराठी मुलखात जमीन दोन रंगांची मानली जाते. पीक येते ती काळी, वस्ती नांदते ती पांढरी. चुलींची राख, ढासळलेल्या भिंतींची माती, गोठ्यातले शेण आणि फुटकी मडकी पिढ्यान्‌पिढ्या मिसळत जातात, तसा मातीचा रंग उतरतो आणि गाव आपल्याच केरावर उंच होत जाते. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे अशीच एक पांढरी आहे. लोक तिला लाडमोड टेकडी म्हणतात.

गावाखाली गाव असणे जगाला नवे नाही. मेक्सिकोच्या युकातान प्रांतातील इझामाल हे शहर आज पिवळ्याधमक भिंतींसाठी ओळखले जाते. तिथला फ्रान्सिस्कन मठ माया लोकांच्या एका भव्य देवस्थानाच्या चौथऱ्यावर उभा आहे आणि मठाच्या बांधकामात त्याच देवस्थानाचे दगड आहेत. १५६१ मध्ये तो पुरा झाला. त्याच्या उभारणीशी निगडित असलेल्या दिएगो दे लांदा या धर्मगुरूने पुढच्याच वर्षी मानी या गावी माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. तिथे वरचा थर खालच्या थराला जिंकून बसला आहे. नेवाशाची गोष्ट निराळी आहे. इथे कोणी कोणाच्या डोक्यावर पाय दिला नाही. माणसे आली, राहिली, उठून गेली आणि रिकाम्या टेकाडावर शतकांनी दुसरी आली.

हे समजले ते १९५४ ते १९५६ या काळातील उत्खननामुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि त्यांचे सहकारी यांनी लाडमोड टेकडी खणली. १९६० मध्ये निघालेल्या अहवालाचे नाव होते ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’, अर्थात इंग्रजीत. नाव चपखल होते. कुदळ नेहमी अलीकडच्या काळावर आधी पडते आणि पलीकडच्या काळाकडे उतरत जाते.

सर्वांत वर सापडली बहामनी ते मराठा काळातील वस्ती. साधारण १४०० ते १७०० मधली घरे, काचेच्या बांगड्या, रोजच्या वापराची भांडी. त्याखाली लगेच सातवाहन काळ. मधली सुमारे बाराशे वर्षे टेकडीत नाहीतच. इसवी सन २०० च्या सुमारास माणसे निघून गेली आणि चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत त्या जागेवर पुन्हा कोणी घर बांधले नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही पोकळी विलक्षण आहे, कारण नेवाशाचे नाव ज्यामुळे घराघरांत पोहोचले ती ज्ञानेश्वरी याच पोकळीतली. शके १२१२, म्हणजे १२९०. देवगिरीवर रामदेवराव यादवाचे राज्य. टेकडी ओस होती, पण नेवासे ओस नव्हते. वस्ती सरकली होती इतकेच. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली अशी श्रद्धा आहे, त्या पैस खांबावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात गीता नाही की ज्ञानेश्वर नाहीत. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दुर्गा भागवतांना याच खांबाने लिहिते केले आणि त्यांच्या पुस्तकाला नाव मिळाले ‘पैस’. एका जागेचे खणून पाहिलेले सत्य म्हणजे साऱ्या गावाचे सत्य नव्हे, हे उत्खननाचे अहवाल वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

सातवाहन थर मात्र श्रीमंत आहे. नाणी, मणी, तांबडी झिलईदार भांडी आणि त्यांतच भूमध्य समुद्राकडून आलेल्या दुकानी रांजणांचे तुकडे. रोमन जगात अशा रांजणांतून मद्य आणि तेल जात असे. कोकणच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून प्रवरेपर्यंत येत होता, याचा हा खापरी पुरावा.

आणखी खाली, पुन्हा एका मोठ्या खंडानंतर, ताम्रपाषाण युग लागते. इसवी सनापूर्वी सुमारे १५०० ते १००० या काळातले शेतकरी. त्यांच्या तांबूस भांड्यांवर काळी नक्षी आहे. या मातीकामाला जोर्वे हे नाव पडले ते याच जिल्ह्यातील, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. हे लोक मेलेली मुले घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत मूल. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजाने आतला दोरा टिकवून धरला होता. तो तपासला तेव्हा त्यात कापसाबरोबर रेशीम आढळले. हे रेशीम आले कुठून? चीनचे नाव लगेच सुचते, पण २००९ मध्ये हडप्पा आणि चन्हुदडो येथील त्याहूनही जुन्या धाग्यांत भारतीय रानरेशीम ओळखले गेले, त्यामुळे नेवाशाचा धागाही इथल्याच जंगलातला असण्याची शक्यता बळावते. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तो वळला आणि पुरण्याआधी मुलाच्या गळ्यात माळ राहू दिली.

असा दोरा हाताशी येतो तो माती थराथराने उतरवली म्हणून. पांढरी माती शेताला मानवते, हे शेतकऱ्याला ठाऊक असल्याने महाराष्ट्रातील कित्येक जुनी टेकाडे गाडीगाडीने उचलली गेली. याच जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाला. वस्तू वाचल्या, पण त्या नेमक्या कोणत्या थरात पडून होत्या हे खणणाऱ्याने पाहिलेले नसल्याने त्यांच्या काळावरून विद्वानांत अजून मतभेद आहेत.

लाडमोडची पांढरी जिथे संपते, तिथे नेवासे संपत नाही. प्रवरेच्या काठच्या गोट्यांच्या थरात सांकलियांना अश्मयुगातील हत्यारे मिळाली. त्यांतल्या मध्य पुराश्मयुगीन छिलक्यांच्या परंपरेला ‘नेवासियन’ हेच नाव मिळाले. जवळच्या चिरकी येथे गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने पुढे हातकुऱ्हाडी खणून काढल्या. त्या बनवणाऱ्यांनी घर बांधले नव्हते, मडके घडवले नव्हते. नदीतला दगड उचलला, दुसऱ्या दगडाने त्याला धार आणली आणि काम झाल्यावर तिथेच काठावर टाकून दिला.