मुंबईची बस आणि नवखा प्रवासी

मुंबईत ठरावीक मार्गाने धावणारे सार्वजनिक वाहन ९ मे १८७४ रोजी सुरू झाले. त्या दिवशी घोड्यांच्या ट्रामचे दोन मार्ग खुले झाले. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच पोचे. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाला तीन आणे पडत. ते पुढे दोन आण्यांवर आले. आरंभी तिकीट देण्याची पद्धतच नव्हती, ती त्याच वर्षी नंतर आली. त्या काळच्या मुंबईतले बहुसंख्य रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. कोकणातून गलबताने किंवा आगबोटीने, घाटावरून आगगाडीने माणसे येत आणि कापड गिरण्यांच्या, गोदीच्या आसऱ्याने राहत. त्यामुळे नवखा माणूस हा या शहराच्या वाहतुकीला पहिल्या दिवसापासून नेहमीचाच प्रवासी होता.

अशा माणसाला ट्राम सोपी होती, कारण तिचा मार्ग रस्त्यावर रुळांच्या रूपाने दिसत असे. चुकून पुढे गेलेला माणूस रुळांच्या कडेने चालत मागे येऊ शकत असे. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. १९२०मध्ये दुमजली ट्रामही आली. वाहनाचा वेग वाढला, पण वाट तशीच डोळ्यांसमोर राहिली.

बसने ही खूण काढून घेतली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली बस धावली. बस कोणत्याही वळणावर वळू शकते आणि एकाच रस्त्यावरून दहा ठिकाणी जाणाऱ्या दहा गाड्या एकामागोमाग येतात. कोणती गाडी कुठे जाते हे आता रस्ता सांगू शकत नव्हता. ते गाडीवर लिहावे लागले, थांब्यावर लिहावे लागले आणि शेवटी कोणा माणसाच्या तोंडून सांगावे लागले. नवख्या प्रवाशाच्या दृष्टीने मुंबईच्या बसचा इतिहास हा या तीन सोयींचा इतिहास आहे.

गाड्यांचे प्रकार वाढत गेले तशी ही गरजही वाढली. १९३७मध्ये दुमजली बस आली. १९४०मध्ये कुलाबा ते माहीम अशी मोजक्याच थांब्यांवर थांबणारी बस सुरू झाली. ‘लिमिटेड’ म्हणून ओळखली जाणारी अशी सेवा देशात बहुधा पहिल्यांदा इथेच निघाली. लिमिटेडचा क्रमांक तांबड्या रंगात लिहिण्याची पद्धत पडली, आणि ती नवख्यासाठी मोलाची होती. तांबडा आकडा न ओळखता चढलेल्या माणसाचा थांबा डोळ्यांसमोरून निघून जाई आणि बस थेट पुढच्या मोठ्या नाक्यावर उभी राही.

७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सेवा महापालिकेच्या ताब्यात आली. नावातल्या ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द आला, ‘बेस्ट’ हे लघुरूप मात्र कायम राहिले. १९५० आणि १९५७ साली महापालिकेच्या हद्दी उत्तरेकडे वाढल्या आणि बसचे जाळे उपनगरांत पसरले. मार्ग शेकड्यांत गेले तेव्हा क्रमांकांना एक ढोबळ शिस्त आली. दोनशेच्या खालचे आकडे मुख्यतः जुन्या बेटावरच्या शहरातले, दोनशेचे पश्चिम उपनगरांतले, तीनशेचे पूर्व उपनगरांतले, चारशेचे पूर्व आणि पश्चिम जोडणारे, पाचशेचे नवी मुंबईकडचे. या रचनेला अपवाद आहेत, तरीही ती मुंबईतली एक फार शहाणपणाची व्यवस्था मानायला हवी. अंधेरीला उतरलेल्या माणसाला समोरची बस चारशेतली दिसली, तर ती बहुधा घाटकोपर-कुर्ल्याच्या दिशेने जाणार एवढे तरी आकड्यावरूनच कळते. दुर्दैवाने ही किल्ली बाहेरच्या माणसाच्या हाती कोणी फारशी दिली नाही. ती मुंबईकरांना सवयीने ठाऊक असते.

पाटीची रीतही अशीच घडली. बसच्या कपाळावर क्रमांक आणि शेवटचे ठिकाण मराठीत, तर दाराजवळच्या कडेच्या पाटीवर इंग्रजीत, ही मांडणी अनेक दशके चालली. ज्याला देवनागरी येत नाही त्याची त्यात पंचाईत होई. मराठीतला १ त्याला इंग्रजी नऊसारखा वाटे, ४ हा आठासारखा, आणि कडेची पाटी दिसेपर्यंत बस थांब्याच्या पुढे गेलेली असे. ही तक्रार खरी आहे. परंतु त्याच पाटीने सातारा, रत्नागिरी, बीड किंवा बुलढाण्याहून आलेल्या आणि फक्त मराठी वाचता येणाऱ्या माणसाला या अवाढव्य शहरात कोणाच्या मदतीवाचून बस ओळखता येऊ लागली, हेही तितकेच खरे आहे. एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिल्यांदा धावली आणि पुढे तिने गावोगावची माणसे मुंबई सेंट्रल आणि परळच्या आगारांत आणून सोडली. त्यांच्यासाठी समोरची मराठी पाटी हा मोठा आधार होता. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर दोन्ही लिप्या आळीपाळीने दिसू लागल्या आणि हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

नावांचा गुंता मात्र सुटला नाही. उलट तो वाढत गेला. मुंबईच्या बसवर शेवटचे ठिकाण बहुधा अधिकृत नावाने लिहिलेले असते आणि लोकांच्या तोंडी जुने नाव असते. चर्चगेटला जाणाऱ्याला ‘अहिल्याबाई होळकर चौक’ ही पाटी शोधावी लागते. म्युझियमला जायचे तर ‘डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक’, ऑपेरा हाऊसला जायचे तर ‘पंडित पलुस्कर चौक’, क्रॉफर्ड मार्केटला जायचे तर ‘महात्मा जोतिबा फुले मंडई’. दादरला खोदादाद सर्कल आणि दादर टी.टी. ही एकाच जागेची दोन नावे आहेत. तिथल्या ‘टी.टी.’मध्ये ट्रामचे शेवटचे ठाणे दडलेले आहे. बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली आणि त्यानंतर जन्मलेल्या दोन पिढ्याही त्या जागेला टी.टी.च म्हणतात.

या नव्या नावांमागे शहराचा स्वतःचा इतिहास आहे आणि त्याची किंमत कमी लेखता येणार नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या परिसराचे नाव हुतात्मा चौक झाले, आणि बसच्या पाटीवर ते नाव रोज हजारो लोक वाचतात, हे योग्यच आहे. पण ‘फाउंटन’ एवढेच ऐकून आलेल्या पाहुण्याला दोन नावांची सांगड घालून देणारे कोणीतरी लागते.

ते काम वाहकाने केले. मुंबईची बस नवख्याला वापरता आली ती मुख्यतः कंडक्टरमुळे. भाडे टप्प्यांवर ठरत असल्याने प्रत्येक प्रवाशाला कुठे जायचे हे तोंडाने सांगावेच लागे. त्यामुळे तिकीट काढणे म्हणजे वाहकाशी बोलणे होते. प्रवाशाने ‘राणीची बाग’ म्हणायचे, वाहकाने जिजामाता उद्यानाचे तिकीट द्यायचे. पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या दरांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांच्या गड्ड्या असत आणि पंच वाजवत वाहक गर्दीतून पुढे सरके. ज्याने संकोचून जागेचे नाव सांगितले त्याला तो लक्षात ठेवी आणि थांबा आला की हाक मारी. चढायचे मागच्या दाराने आणि उतरायचे पुढच्या, ही मुंबईची रीत परगावच्या माणसाला ठाऊक नसे. ‘पुढे चला’ या सततच्या पुकाऱ्यातून तो ती शिके. एका घंटीला बस थांबते आणि दोन घंट्यांना निघते, हेही कानानेच कळे. दुमजली बसमध्ये तर दोन वाहक असत. वाहकांत मराठी माणसांचा भरणा मोठा होता, आणि बहुभाषी शहरात भांबावलेल्या खेडूताला आपल्या बोलीत उत्तर मिळे. पुढे जॉनी वॉकर म्हणून हिंदी चित्रपटांत गाजलेले बद्रुद्दीन काझी हे एकेकाळी बेस्टचेच वाहक होते आणि आपल्या बोलण्याने प्रवाशांना हसवत.

पाहुण्यांची खरी गर्दी पर्यटनाच्या हंगामात नसते, ती श्रद्धेच्या दिवसांत असते. ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून डॉ. आंबेडकरांचे लाखो अनुयायी दादरच्या चैत्यभूमीवर येतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते, नवरात्रात महालक्ष्मीला रांगा लागतात. या दिवसांत बेस्ट जादा गाड्या सोडते. ज्यांनी मुंबई कधीच पाहिलेली नाही अशा माणसांना एका दिवसापुरते शहर वापरता यावे, यासाठी केलेली ही सोय बेस्टच्या सर्वांत अभिमानास्पद कामांपैकी आहे, आणि तिची दखल फार कमी घेतली जाते.

पर्यटकांसाठी खास बस त्या मानाने उशिरा आली. १९९७ साली राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची ‘नीलांबरी’ ही उघड्या छताची दुमजली बस दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींभोवती फिरू लागली. पण कमी पैशांत शहर पाहू इच्छिणाऱ्यांना १२३ क्रमांकाची साधी दुमजली बसही पुरेशी होती. आर. सी. चर्चहून निघून ती मरीन ड्राइव्हवरून जाई आणि वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी मिळाली तर समुद्राचे सगळे वळण समोर येई. डिझेलवरच्या तांबड्या दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून कायमच्या हटल्या आणि नीलांबरीही त्याच वर्षी थांबली. विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाल्या होत्या. त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत.

गेल्या काही वर्षांत नवख्याला लागणारी माहिती माणसाकडून यंत्राकडे गेली. आधी पत्र्याच्या पेटीच्या जागी तिकीट छापणारे यंत्र आले. मग ‘चलो’ ॲपवर बस नकाशात सरकताना दिसू लागली आणि तिकीटही तिथेच निघू लागले. ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे अशा पाहुण्याला मुंबईची बस आज पूर्वी कधी नव्हती इतकी सोपी झाली आहे. जुन्या नावाने शोधले तरी बहुधा नवे ठिकाण सापडते आणि उतरायचे कुठे हे विचारावे लागत नाही. मात्र याच काळात गाड्या कमी झाल्या. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला ताफा तीन हजारांखाली आला आणि त्यातल्या बहुतेक गाड्या आता कंत्राटी आहेत. काही मार्गांवर बसमधला वाहक काढून त्याला तिकिटे द्यायला थांब्यावर उभे केले गेले.

भाड्याचा प्रवासही सरळ झाला नाही. ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले आणि रिक्षाकडे वळलेले प्रवासी परत आले. ९ मे २०२५पासून ते साध्या बसला दहा आणि वातानुकूलित बसला बारा रुपये झाले. दरवाढीनंतरही रेल्वे स्थानकापासून लांब असलेल्या रुग्णालयात, न्यायालयात किंवा नातलगाच्या घरी परवडेल अशा पैशांत पोचवणारे वाहन मुंबईत बसच आहे. टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये उपचारासाठी आलेली कुटुंबे तिच्यावर अवलंबून असतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना ॲप वापरता येत नाही. तेव्हा थांब्यावर कोणता क्रमांक कुठे जातो हे मराठीत आणि प्रचलित नावांनिशी लिहिलेला फलक आणि बसमध्ये वाहक, या दोन जुन्या सोयी त्यांच्यासाठी आजही तितक्याच लागतात.