नाकाबंदीतली फुंकर : वासापासून आकड्यापर्यंत

थर्टी फर्स्ट जवळ आला, की वडखळ-अलिबाग रस्त्यावर आणि पुढे रेवदंडा-मुरुडकडे नाकाबंदी लागते. मग हमखास प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, एकच बिअर घेतली तर मशीनमध्ये येतं का?’’ उत्तराआधी या मशीनचा इतिहास पाहू.

पूर्वी हे काम डॉक्टरच्या नाकावर होतं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या काळात पोलीस संशयिताला सरकारी दवाखान्यात आणत. तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, बोलणं आणि चाल पाहून डॉक्टर दाखला देत. पण साखर उतरली किंवा डोक्याला मार लागला तरी माणूस अडखळतोच. १९७१मध्ये महाराष्ट्रातल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की रक्त-लघवी न तपासता केवळ अशा लक्षणांवरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही.

उपाय परदेशात तयार होता. अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४मध्ये श्वास तपासणारं यंत्र बनवलं. फुप्फुसांत रक्तातली दारू श्वासात उतरते, म्हणून श्वासावरून रक्तातलं प्रमाण काढता येतं. आपल्याकडे १९३९च्या मूळ मोटार कायद्यात ‘गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतकी नशा’ एवढंच म्हटलं होतं. १९८८च्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आकडा आला : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू म्हणजे गुन्हा. २००६मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात जण मोटारीखाली मेले. पुढच्याच वर्षी मुंबई पोलिसांनी तपासणीची मोठी मोहीम उघडली. २०१९पासून पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता उत्तर. एका बिअरनेही काही जणांचा आकडा ३०च्या वर जातो. वजन, पोटातलं अन्न आणि बिअरचा कडकपणा यांवर ते ठरतं. बडीशेप, लिंबू, कॉफी यांनी वास झाकेल, पण आकडा उतरत नाही. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच उतरवतं. रात्री एक वाजता १५० असेल, तर सकाळी सातला परत निघताना ६० उरतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट! झोप झाली, आंघोळ झाली, तरी गाडी चालवायला तुम्ही अजून योग्य नाही. तेव्हा घ्यायचीच असेल, तर किल्ली न पिणाऱ्याच्या हातात द्या आणि सकाळीही ती त्याच्याकडेच राहू द्या.