मोटरच्या पाटीवरचं १४४० : भेस्तानच्या लूमवर समजून घ्या वीज आणि चुंबकत्व

भेस्तान (सुरत) : उधना सोडून गाडी मुंबईकडे निघाली की पुढचं स्टेशन भेस्तान. आसपास पांडेसरा आणि सचिनच्या औद्योगिक वसाहती, लूमची खाती, डाइंगच्या मिली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कितीतरी मराठी घरं या पट्ट्यात याच कामावर उभी राहिली. अशा घरातल्या दहावीच्या मुलाने विज्ञानाचं पुस्तक उघडलं तर त्यात ओहमचा नियम सापडतो, चुंबकीय बलरेषा सापडतात. पण बाप रोज जिच्यासमोर उभा राहतो ती मोटर सापडेलच असं नाही. अभ्यासक्रम हलका करताना एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून विद्युत मोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र हे भाग वगळले. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात ते आहेत. म्हणजे एका भावाचा मुलगा नंदुरबारला आणि दुसऱ्याचा सुरतेत शिकत असेल, तर एकाला मोटर येते आणि दुसऱ्याला कदाचित नाही. आणि कारखाने मात्र दुसऱ्याच्या दारात.

परीक्षेला नसलं म्हणून विषय सुटत नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनला प्रवेश घेतला, किंवा अकरावी-बारावी सायन्स केलं, तर हा भाग येतोच. म्हणून सुरुवात लूमच्या मोटरवरच्या पत्र्याच्या पाटीपासून करू. तिच्यावर साधारण असं लिहिलेलं असतं : १ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. यातला शेवटचा आकडा जरा विचित्र आहे. १५०० का नाही? १४४०च का? त्याचं उत्तर कळलं की अर्धा धडा कळला.

व्होल्ट, अँपिअर, ओहम

तारेतून इलेक्ट्रॉन सरकतात, त्यालाच विद्युतधारा म्हणायचं. एका सेकंदात एक कूलोम प्रभार पुढे गेला तर धारा एक अँपिअर. एक कूलोम म्हणजे साधारण ६२५ च्या पुढे सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन. मुलांचा इथे नेहमी एक गोंधळ होतो : बटण दाबलं की इलेक्ट्रॉन वीजघरातून धावत घरी येतात, असं वाटतं. तसं नसतं. तांब्याच्या तारेत ते आधीपासूनच भरलेले असतात, पाण्याने भरलेल्या पाइपासारखे. बटण दाबलं की सगळ्यांना एकदम ढकल बसते. स्वतः इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत, आणि घरातल्या एसी विजेत तर ते जागच्या जागी मागेपुढे हलतात, सेकंदाला ५० वेळा. पाटीवरचे ५० हर्ट्झ ते हेच.

ढकलणारा जो फरक आहे तो विभवांतर, मोजायचा व्होल्टमध्ये. घरी फेज आणि न्यूट्रल यांच्यात तो सुमारे २३० व्होल्ट असतो. कारखान्यात तीन फेज येतात आणि कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट मिळतात. मोटरच्या पाट्यांवर ४१५ लिहिलेलं असतं. वाटेत जो अडथळा होतो तो रोध, मोजायचा ओहममध्ये. विभवांतर = धारा × रोध, हा ओहमचा नियम. तापमान कायम असेल तरच तो तंतोतंत चालतो, ही अट मुलं विसरतात.

इस्त्री घ्या, १००० वॅटची. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, म्हणून धारा १००० भागिले २३०, म्हणजे ४.३ अँपिअरच्या आसपास. रोध २३० भागिले ४.३, म्हणजे सुमारे ५३ ओहम. तासभर चालवली तर एक युनिट. बिलातलं युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ७५ वॅटचा जुना पंखा दिवसाला दहा तास फिरला तर महिन्याला २२.५ युनिट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पूर्ण भारावर १२ तासांच्या पाळीत एक मोटर नऊ युनिट तरी घेते. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण काही वीज उष्णतेत जाते.

घरातल्या सगळ्या वस्तू समांतर जोडलेल्या असतात, एकसर नाही. एकसर जोडल्या असत्या तर पंखा बंद केल्यावर टीव्हीही बंद पडला असता. समांतर जोडणीत प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, पण धारा बेरजेने वाढत जाते. एकाच बोर्डावर इस्त्री, गिझर आणि शेगडी लावली की वायर गरम होते ती म्हणूनच.

आता हेच गणित मोटरला लावून बघा. कोणी जाणकाराने मोटर सप्लायपासून पूर्ण सोडवून, मल्टीमीटरने वाइंडिंगचा रोध मोजला आणि ४१५ ला त्या आकड्याने भागलं, तर येणारी धारा पाटीवरच्या धारेच्या कितीतरी पट निघते. नियम चुकला का? नाही. तारेच्या रोधाशिवाय आणखी काहीतरी धारेला अडवतंय. ते काय, ते चुंबकाकडे गेल्यावर कळतं.

तार, होकायंत्र आणि फिरणारं चुंबक

डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना १८२० मध्ये दिसलं की तारेतून धारा सोडली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे धारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हा प्रयोग घरी करता येतो : एक सेल, हातभर तार आणि स्वस्तातलं होकायंत्र. तार सुईच्या वर, सुईला समांतर धरायची आणि क्षणभरच सेलला जोडायची, नाहीतर तार तापते. भिंतीतल्या प्लगवर हा प्रयोग कधीही करायचा नाही. तारेचं वेटोळं केलं, अनेक वेढे दिले, तर क्षेत्र वाढतं. हे झालं नालकुंतल. आत लोखंड घातलं की विद्युतचुंबक.

अकरा वर्षांनी, १८३१ मध्ये, इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी उलटी बाजू दाखवली. वेटोळ्याजवळचं चुंबक हललं की वेटोळ्यात धारा वाहते. चुंबक नुसतं ठेवलं तर काही होत नाही, क्षेत्र बदललं पाहिजे. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. सगळा जोर ‘बदल’ या शब्दावर आहे.

या दोन गोष्टी हातात घेऊन परत लूमवर या. मोटरच्या बाहेरच्या स्थिर भागात, स्टेटरमध्ये, तांब्याच्या तारेचे तीन संच बसवलेले असतात, प्रत्येक फेजसाठी एक. तिन्ही फेज एकाच वेळी शिखर गाठत नाहीत, एकामागून एक गाठतात. त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं. कोणताही भाग हलत नसताना चुंबक फिरल्यासारखं होतं, ही कल्पना १८८० च्या दशकात निकोला टेस्ला आणि इटलीचे गॅलिलिओ फेरारिस यांना स्वतंत्रपणे सुचली. ५० हर्ट्झवर चार ध्रुवांच्या मोटरीत हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे मारतं. सूत्र सोपं : १२० गुणिले ५० भागिले ४.

मधल्या फिरत्या भागाला, रोटरला, एकही वायर जोडलेली नसते. बहुतेक मोटरींत त्यात अल्युमिनियमच्या कांड्या असतात आणि दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. मग त्यात वीज येते कुठून? फिरणारं क्षेत्र कांड्यांवरून जातं, कांड्यांपुरतं क्षेत्र बदलतं, फॅरडेच्या नियमाने त्यात धारा वाहते. धारा वाहणारी कांडी चुंबकीय क्षेत्रात आहे, म्हणून तिच्यावर बल येतं. बलाची दिशा फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने काढायची. रोटर क्षेत्राच्या मागे पळू लागतो.

पण गाठू शकत नाही. समजा रोटरही १५०० ने फिरू लागला. मग कांड्यांना क्षेत्र जागच्या जागी दिसेल, बदल शून्य, धारा शून्य, बल शून्य. रोटर लगेच मागे पडेल. म्हणून तो कायम थोडा मागेच राहतो : १४४०. मागे राहिलेले ६० फेरे, म्हणजे चार टक्के, याला कारागीर आणि इंजिनिअर दोघेही स्लिप म्हणतात. ती मोटरची खोट नव्हे, तीच मोटर चालवते.

धारेला कोण अडवतं याचंही उत्तर इथेच आहे. फिरणारं क्षेत्र रोटरच्या कांड्यांवरून जातं तसं स्टेटरच्या स्वतःच्या वाइंडिंगवरूनही जातं आणि तिथे उलटं विभवांतर तयार करतं. सप्लायचे ४१५ व्होल्ट बहुतांश त्याला तोंड देण्यात जातात. मोटर फिरत असते तोवर हे संतुलन टिकतं. लूम जाम झाला, रोटर अडकला, की कांड्यांत प्रचंड धारा वाहते, ते उलटं विभवांतर कमी पडतं आणि मोटर सप्लायमधून नेहमीच्या पाच-सात पट धारा ओढते. सुरू होतानाही क्षणभर असंच होतं, म्हणून मोटर चालू करताना खात्यातले दिवे किंचित मंदावतात. तीनपैकी एक फेज उडाली तरी तीच गत : उभी मोटर नुसती घुमते, फिरत नाही. काही वेळात वार्निश जळल्याचा वास येतो आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहापट धारा म्हणजे छत्तीसपट उष्णता.

शब्दांची अडचण

सुरतेत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला पुढे गुजरातीत किंवा इंग्रजीत शिकावं लागतं, तेव्हा अडतं ते बऱ्याचदा शब्दांवर, संकल्पनेवर नाही. मराठीतला रोध गुजरातीत अवरोध होतो. प्रभाराला विद्युतभार म्हणतात. धारेला विद्युतप्रवाह, हा तर मराठीतही चालतो. एकसर जोडणी म्हणजे श्रेणी जोडाण. समांतर दोन्हीकडे समांतरच. विभवांतर हा विद्युतस्थितिमानाचा तफावत होतो, आणि हा ‘तफावत’ आपलाच तफावत. प्रवर्तनाला प्रेरण. वाइंडिंगच्या दुकानात यातला एकही शब्द ऐकू येत नाही. तिथे कॉइल, फेज, लोड आणि अर्थिंग. तिन्ही भाषा वहीच्या एकाच पानावर लिहून ठेवल्या तर दहा मिनिटांचं काम आहे.

उकाईपासून भेस्तानपर्यंत

मोटर उलटी चालवली की जनित्र. वीज देऊन फिरवण्याऐवजी बाहेरून फिरवायचं आणि वीज घ्यायची. खान्देशातून वाहत आलेली तापी उकाईला अडवली आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणावर ७५ मेगावॅटची चार जनित्रं बसवली आहेत. तीच नदी पुढे सुरतेतून समुद्राला मिळते. अर्थात भेस्तानच्या खात्यात येणारी वीज उकाईचीच असं सांगता येत नाही. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते.

लांब न्यायची वीज उच्च दाबाने नेतात. दाब दहापट केला तर तेवढ्याच शक्तीला धारा दहावा हिस्सा पुरते आणि तारेत वाया जाणारी उष्णता शंभरावा हिस्सा उरते. स्टेशनावरची तार २५ हजार व्होल्टची असते ती यासाठीच. ६३५० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूएपी-७ इंजिन पूर्ण जोरात ओढताना ढोबळमानाने १९० अँपिअर घेतं. मुंबई लोकलला पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होते. त्या दाबावर याच शक्तीला तीन हजारांहून जास्त अँपिअर लागले असते. दाब कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मरही फॅरडेच्याच नियमावर चालतो. त्याला बदलतं क्षेत्र लागतं, म्हणून तो एसीवर चालतो, सेलवर नाही.

एमसीबी माणसाला वाचवत नाही

कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो. ओला हात असला तर शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, आणि एवढी धारा जीव घ्यायला पुरेशी आहे. पण घरातली एमसीबी ६ किंवा १६ अँपिअरची. तिच्या लेखी काही घडलेलंच नाही, ती पडणार नाही. ती वायरला आग लागू नये म्हणून आहे. माणसासाठी वेगळं उपकरण लागतं, आरसीसीबी. दुकानात बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सर्किट तोडतं. अर्थिंग नीट असेल तर वस्तूचा पत्रा फेजला चिकटताच ते पडतं, माणसाने हात लावेपर्यंत थांबावं लागत नाही. भाड्याच्या खोलीत हिरवी वायर जोडलेली आहे की नुसती प्लगमध्ये दुमडून ठेवली आहे, हे वायरमनकडून एकदा बघून घ्यावं.

उत्तरायणाला, १४ जानेवारीच्या आसपास, सुरतेचं आकाश पतंगांनी भरतं आणि कितीतरी पतंग रेल्वेच्या तारेत अडकतात. कोरडा सुती दोरा वीज फारशी वाहून नेत नाही. ओला दोरा नेतो, धातूचा लेप असलेला मांजा तर सरळ तारेसारखाच. आणि २५ हजार व्होल्टला स्पर्शाचीही गरज नसते. पुरेसं जवळ गेलं की हवेतूनच ठिणगी झेप घेते. चालू तारेपासून किमान दोन मीटर लांब राहून काम करण्याचा नियम रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना लावते. उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर चढलेला मुलगा तारेच्या या अंतरात सहज येतो. सळई किंवा ओली काठी हातात असेल तर खाली उभं राहूनही येतो. रुळावर गाडी दिसत नसली तरी वरची तार चालूच असते.