नैराश्याची गोळी लागू पडायला वेळ का लागतो?

"आठ दिवस झाले डॉक्टर, गोळी चालू आहे, पण फरक काहीच नाही." नांदेड-लातूरकडचे रुग्ण हे अनेकदा बोलून दाखवतात. त्याहून जास्त जण न बोलताच गोळी बंद करतात. आपल्याकडे ‘मी उदास आहे’ असे कोणी सहसा म्हणत नाही. अंग गळून जातं, डोकं जड राहतं, झोप लागंना, कशात मन लागंना, अशाच तक्रारी असतात. त्यामागे नैराश्य निघाले की बहुतेकदा एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन यांपैकी एखादी गोळी दिली जाते.

गोळी नेमके काय करते?

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अतिशय बारीक फट असते. निरोप द्यायचा असला की एक पेशी त्या फटीत सिरोटोनिनसारखे रसायन सोडते. काम झाल्यावर ते परत आत ओढून घेण्यासाठी पेशीच्या आवरणात एक प्रथिन बसवलेले असते. त्याला वाहक प्रथिन म्हणतात. शेतात सोडलेले जास्तीचे पाणी मोटारीने पुन्हा विहिरीत ओढावे, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की ही मोटार विजेवर नाही, तर पेशीच्या आत शिरू पाहणाऱ्या सोडियमच्या जोरावर चालते.

वरील गोळ्या ही मोटार अडवतात. त्यामुळे सिरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकते. अडवण्याचे काम पहिल्या काही तासांतच सुरू होते. मग बरे वाटायला दोन ते सहा आठवडे का लागतात? वाढलेल्या सिरोटोनिनशी पेशींना हळूहळू जुळवून घ्यावे लागते, त्यांच्यातील जोडण्या बदलतात, आणि याला वेळ लागतो. ‘सिरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले’ हे पूर्वीचे सोपे उत्तर आता पुरेसे मानले जात नाही. दुष्काळ, कर्ज, घरातील ताण यांचाही त्यात वाटा असतो, आणि ते गोळीने फिटत नाहीत. म्हणून समुपदेशनही लागते.

पहिले पंधरा दिवस

हेच वाहक प्रथिन आतड्यातही असते. शरीरातील बहुतेक सिरोटोनिन तिथेच असते. म्हणून सुरुवातीला मळमळ, जुलाब किंवा पोटात गडबड होते. म्हणजे त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. गोळी सोडली जाते ती नेमकी याच काळात. जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते, आणि आठ-दहा दिवसांत ती बहुधा थांबते.

या काळात घरच्यांनी रुग्णाला एकटे सोडू नये. विशेषतः पंचविशीच्या आतील मुलांमध्ये, म्हणजे लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहणाऱ्या वयात, सुरुवातीला बेचैनी किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. तसे वाटल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फवारणीचे औषध घरात, गोठ्यात उघडे ठेवू नका. ते कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

या गोळ्यांची नशा होत नाही, सवयही लागत नाही. पण एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखे वाटते. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवतात आणि मग डोस हळूहळू उतरवतात.

रक्त गोठवणाऱ्या पेशींतही हे प्रथिन असते. त्यामुळे कंबरदुखीसाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी सोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलही विचारल्याशिवाय घेऊ नका.

तपासणी नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत करता येते. रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.