मोत्या वाट विसरला तेव्हा

मागच्या शनिवारी पुसदला फोन केला तर बाबा म्हणाले, "मोत्या रात्री बाराला उठते अन् भिंतीकडे तोंड करून उभा रायते. अंगणातलं फाटकही सापडत नाही त्याले. फिरायला नेणं बंदच केलं मी. वय झालं, दुसरं काय!"

चौदा वर्षांचा आमचा मोत्या. विकांत होता, मशीन समोर होतं, शोधत बसलो.

तर मंडळी, 'वय झालं' हे उत्तर जगात सगळीकडेच बरीच वर्षं चाललं. आल्झायमरसाहेबांनी 1906 मध्ये विसरणाऱ्या माणसाच्या मेंदूतले बदल मांडले. कुत्र्यांची पाळी यायला 1990 चं दशक उजाडलं. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड या प्रथिनाची पुटं साचतात, आणि ती जितकी जास्त तितका गोंधळ जास्त, हे तेव्हा दिसलं. हे प्रथिन माणसात आणि कुत्र्यात अगदी एकसारखं असतं!

मग औषध आलं. 1960 च्या दशकात हंगेरीत तयार झालेलं सेलेजिलिन माणसांच्या पार्किन्सनसाठी वापरात होतं. अमेरिकेत 1998 मध्ये त्याला कुत्र्यांच्या या आजारासाठी मान्यता मिळाली.

पूरक आहाराची गोष्ट त्यापुढची. 2005 मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 48 म्हातारे बीगल, चार गट, दोन वर्षं. काहींना ई आणि क जीवनसत्त्व, कार्निटिन, पालक, गाजर, टोमॅटो घातलेलं खाणं. काहींना साधंच खाणं, पण जोडीला दुसरा कुत्रा, खेळणी, बाहेरची फेरी. काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन्ही मिळालेला गट सगळ्यांत चांगलं शिकला.

2010 मध्ये खोबरेल तेलात असतात तशा मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचा प्रयोग आला. म्हाताऱ्या मेंदूला ग्लुकोज नीट वापरता येत नाही. या स्निग्धाम्लांपासून कीटोन बनतात, ते पर्यायी इंधन. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर असायचा, तसंच काहीसं. म्हणून घरचं खोबरेल पाजू नका हं, पोट बिघडतं. माणसांच्या गोळ्याही नकोत, काही कुत्र्यांना विषारी ठरतात.

खरं सांगायचं तर मी एक महागडी बाटली कार्टमध्ये टाकलीही होती. मग बाबांचं वाक्य आठवलं: फिरायला नेणं बंद केलं. त्या प्रयोगातलं अर्धं औषध तर आम्हीच काढून घेतलं होतं!

लगेच फोन लावला. "बाबा, आधी डॉक्टरला दाखवा. डोळे, कान, सांधे दुखत असले तरी असंच होतं. अन् दोरी बांधून का होईना, रोज फिरवा."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "मले वाटलं, त्याले त्रास नको."

असो. बाटलीचं डॉक्टर ठरवतील. पुढच्या विकांताला पुसदची गाडी पकडतोय. संध्याकाळची फेरी माझ्याकडे.