ग्रीन कार्डच्या रांगेत असताना नोकरी बदलायची असेल तर...

अमेरिकेत ‘एच-१बी’ व्हिसावर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. कंपनीने ग्रीन कार्डसाठी अर्ज केला आहे, रांग लांबलचक आहे आणि दरम्यान दुसऱ्या कंपनीकडून चांगला प्रस्ताव आला आहे. तो स्वीकारल्यास इतक्या वर्षांची प्रतीक्षा वाया जाईल काय? या भीतीपोटी अनेक जण बढती आणि मनाजोगत्या कामावर पाणी सोडून एकाच कंपनीत वर्षानुवर्षे राहतात. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. मात्र कायद्याचे संरक्षण नेमके कोणत्या टप्प्यापासून मिळते, हे ठाऊक असल्यास निर्णय घेणे सोपे जाते.

रांग कशामुळे?

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डची संख्या वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार इतकी ठरवली. अर्जदाराचे पती वा पत्नी आणि मुले यांचीही गणना याच संख्येत होते. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतीय अर्जदारांची संख्या मोठी असल्याने त्यांची रांग सर्वाधिक लांबली. जुलै २०२५ च्या ‘व्हिसा बुलेटिन’मध्ये ‘ईबी-२’ वर्गातील भारतीयांसाठी १ जानेवारी २०१३ ही तारीख होती. म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ थांबलेल्यांचीच पाळी तेव्हा येत होती.

तीन टप्पे

बहुतेक अर्जदारांना तीन टप्पे पार करावे लागतात. पहिला ‘पर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रम प्रमाणपत्राचा. त्या पदासाठी पात्र अमेरिकी कर्मचारी उपलब्ध नाही, हे कंपनीला श्रम खात्यापुढे सिद्ध करावे लागते. दुसरा टप्पा ‘आय-१४०’ या अर्जाचा. तोही कंपनीच करते. तिसरा ‘आय-४८५’ हा अर्ज मात्र कर्मचारी स्वतः करतो आणि तो पाळी आल्यावरच दाखल करता येतो. ‘पर्म’चा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजेच रांगेतील क्रमांक ठरवणारी तारीख.

नोकरी बदलताना अर्ज आणि तारीख यांतील फरक ध्यानात ठेवावा लागतो. पहिले दोन अर्ज कंपनीचे असतात; ते कर्मचाऱ्याबरोबर नव्या कंपनीत जात नाहीत. तारीख मात्र ‘आय-१४०’ मंजूर झाल्यानंतर कर्मचाऱ्याची होते. त्याआधी राजीनामा दिल्यास हाती काहीच उरत नाही आणि रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. मंजुरीनंतर नोकरी सोडल्यास नव्या कंपनीला ‘पर्म’ व ‘आय-१४०’ पुन्हा करावे लागतात, पण जुनीच तारीख कायम राहते. फसवणूक, श्रम प्रमाणपत्र रद्द होणे किंवा मंजुरीतच गंभीर चूक आढळणे हे याला अपवाद आहेत.

१८० दिवसांचे दोन निकष

‘एच-१बी’ची कमाल मुदत सहा वर्षांची. रांग त्याहून लांब असल्याने २००० साली झालेल्या कायद्यान्वये, ‘आय-१४०’ मंजूर असून केवळ पाळी आली नसेल, तर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. पण कर्मचारी गेल्यावर जुन्या कंपनीने तो अर्ज मागे घेतला तर? १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार, मंजुरीला १८० दिवस उलटून गेल्यावर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी मंजुरी आपोआप रद्द होत नाही आणि मुदतवाढीचा आधार शाबूत राहतो. त्यापूर्वी अर्ज मागे घेतल्यास तारीख वाचते, मात्र हा आधार जातो.

दुसरा निकष ‘आय-४८५’चा. हा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यास त्याच किंवा तत्सम स्वरूपाच्या नोकरीत जाता येते. नव्या कंपनीला ‘पर्म’ वा ‘आय-१४०’ करावे लागत नाही. ‘सप्लिमेंट जे’ हे प्रपत्र पुरेसे ठरते. सॉफ्टवेअर अभियंता बढती मिळून तशाच अभियंत्यांचा व्यवस्थापक झाला, तर ते काम तत्सम मानले जाऊ शकते. कामाचे स्वरूपच पालटले, तर मात्र अर्ज अडचणीत येतो.

हा टप्पा गाठण्याचे महत्त्व २००७ साली दिसून आले. जुलै महिन्यासाठी जवळपास सर्व वर्गांना अर्ज खुले असल्याचे जाहीर झाले. २ जुलै रोजी ते अचानक मागे घेण्यात आले. ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीगिरीचे अनुकरण करीत अर्जदारांनी स्थलांतर सेवेचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांना फुले पाठवली. त्यांनी ती जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे रवाना केली. अखेर १७ जुलै रोजी निर्णय फिरवून १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारण्याचे मान्य झाले. त्या वेळी अर्ज करणाऱ्या अनेक भारतीयांना ग्रीन कार्डसाठी पुढे कित्येक वर्षे थांबावे लागले, पण नोकरी बदलण्याची मुभा त्यांना सहा महिन्यांतच मिळाली.

कोणती दक्षता घ्यावी?

नव्या कंपनीचा ‘एच-१बी’ अर्ज दाखल होताच तेथे कामावर रुजू होता येते. तथापि, तो नामंजूर झाल्यास काम थांबवावे लागते. त्यामुळे शक्य असल्यास मंजुरीनंतरच राजीनामा देणे हिताचे. नोकरी गेल्यास कमाल ६० दिवसांची सवलत असते. व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल, तर तितकेच दिवस मिळतात. सप्टेंबर २०२५ मधील आदेशाने नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लादण्यात आले. अमेरिकेत वैध व्हिसावर राहून कंपनी बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचा खुलासा स्थलांतर सेवेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केला.

‘आय-१४०’च्या मंजुरीपत्राची प्रत कंपनीकडून आधीच मागून घ्यावी. ‘पर्म’चा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास जुलै २००७ पासून बंदी आहे, हेही नोकरी सोडताना माहीत असावे.

घरात मुले असल्यास हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो. अविवाहित मूल २१ वर्षांचे झाले की पालकांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या कायद्याने वयाच्या मोजणीत काही सूट दिली असली, तरी रांग बारा वर्षांची असताना ती बहुधा अपुरी पडते. तारीख गमावल्यास पालकांची प्रतीक्षा वाढतेच, शिवाय मुलाची संधीच हुकू शकते. म्हणून राजीनाम्यापूर्वी मंजुरीची तारीख, त्यानंतर उलटलेले दिवस आणि मुलांची वये कागदावर मांडावीत आणि स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घेऊनच पुढचे पाऊल उचलावे.