कात, कॅटेचिन आणि माझं हिमोग्लोबिन

गेल्या पावसाळ्यात माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. जिना चढताना धाप लागायची, केस गळत होते, ऑफिसात दुपारी चारनंतर डोळे आपोआप मिटायचे. मी सगळं कामाच्या ताणावर ढकललं होतं. रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "चहा किती वेळा?"

मी जरा ऐटीतच सांगितलं, की दुधासाखरेचा चहा सोडून वर्ष झालं. आता फक्त ग्रीन टी, दिवसाला चार-पाच कप, त्यातले दोन जेवण झाल्या झाल्या. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'प्रत्येक कपात अधिक अँटिऑक्सिडंट्स'. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि आधी दिलेल्या लोहाच्या गोळ्या कशाबरोबर घेत होतीस?"

त्याही ग्रीन टीबरोबरच.

घरी येऊन मी ते पाकीट पहिल्यांदा नीट वाचलं. मागच्या बाजूला बारीक टायपात एक शब्द होता, कॅटेचिन. मोबाइलवर तो शोधत बसले, आणि शोधता शोधता जपानला जायच्या आधी आजीच्या पानाच्या डब्यात जाऊन पोचले.

कॅटेचिन हे नाव 'कॅटेचू'वरून आलं, आणि कॅटेचू म्हणजे आपला कात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानातून आलेल्या काताच्या वड्यांमधून एक स्फटिकासारखा पदार्थ वेगळा केला आणि त्याला हे नाव दिलं. म्हणजे हा 'सुपर' पदार्थ आजी रोज जेवणानंतर बोटाने पानाला लावत होती. (सुपारी, तंबाखूचं काय ते वेगळं. पानाच्या टपरीवर अँटिऑक्सिडंटची पाटी लागलेली नाही, हे बरंच आहे.)

आमचं गाव कर्जतच्या बाजूला. तिथे काताचं नाव माणसांना लागलेलं आहे. खैराच्या गाभ्याचं लाल लाकूड तासायचं, ढलप्या मडक्यात उकळायच्या, पाणी आटवायचं आणि थंड झालं की त्याच्या वड्या पाडायच्या, हा ज्यांचा धंदा ते कातकरी. ब्रिटिशांनी जंगलं राखीव केली, खैर तोडणं गुन्हा ठरलं आणि हा धंदा त्यांच्या हातून गेला. मग कोळसा पाडणं आलं, मग वीटभट्टी. लहानपणी दिवाळीनंतर आमच्या वाडीतली कातकरी घरं भट्टीवर निघून जायची, दारांना काटक्या लावून. त्यांच्या नावात एक अख्खं रसायनशास्त्र आहे, हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता चहाकडे. चहाच्या पानात हाच पदार्थ, किंवा याची सख्खी भावंडं आहेत, हे दाखवणाऱ्या बाईंचं चित्र कदाचित तुम्ही फोनवर पाहिलंही असेल. १७ सप्टेंबर २०२१ ला गुगलच्या डूडलवर त्या होत्या. मिचियो त्सुजिमुरा, जन्म १८८८, जपानमधल्या सैतामा प्रांतातलं ओकेगावा गाव. आधी शिक्षिका होत्या. संशोधन करायचं म्हणून १९२० साली होक्काइडो इंपीरियल विद्यापीठात गेल्या, पण तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. मग बिनपगारी सहायक म्हणून राहिल्या. काम काय, तर रेशीमकिड्यांचं पोषण. दोन वर्षांनी टोकियोच्या विद्यापीठातल्या वैद्यकीय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. १९२३ च्या सप्टेंबरात कांतोचा महाभूकंप झाला आणि ती प्रयोगशाळाच उद्ध्वस्त झाली.

इथे मी थोडी थांबले. पस्तिशीतली बाई, पगाराशिवाय काढलेली वर्षं, आणि टेबलच राहिलं नाही. पण ऑक्टोबरमध्ये त्या 'रिकेन' या संशोधन संस्थेत रुजू झाल्या. तिथे उमेतारो सुझुकी होते. बेरीबेरीवर तांदळाच्या कोंड्यातलं जीवनसत्त्व शोधणारे तेच. त्यांच्या हाताखाली त्सुजिमुरांनी हिरव्या चहाची पत्ती हातात घेतली.

१९२४ साली सेइतारो मिउरा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं, की हिरव्या चहात क जीवनसत्त्व असतं. क जीवनसत्त्वाची रासायनिक ओळख पटायला तेव्हा अजून काही वर्षं होती. या बातमीमुळे उत्तर अमेरिकेत जपानी हिरव्या चहाची मागणी वाढली. म्हणजे 'आरोग्यासाठी चहा' ही जाहिरात आपल्या इन्फ्लुएन्सर पिढीची नव्हे, शंभर वर्षं जुनी आहे.

१९२९ साली त्यांनी चहातून कॅटेचिन वेगळं केलं. पुढच्या वर्षी चहातलं टॅनिन स्फटिकरूपात काढलं. पत्तीच्या ढिगातून चिमूटभर शुद्ध पदार्थ मिळवायचा, तो पुन्हा पुन्हा विरघळवून पुन्हा स्फटिक पाडायचे, असं ते चिकाटीचं काम. मडक्यात खैर आटवण्याचीच ही फार नाजूक आवृत्ती, असं मला वाटत राहिलं. हिरव्या चहाच्या घटकांवरच्या प्रबंधासाठी १९३२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि त्या जपानच्या पहिल्या महिला कृषी-डॉक्टर झाल्या. १९४९ मध्ये त्या नव्याने स्थापन झालेल्या ओचानोमिझु विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. ओचानोमिझु म्हणजे 'चहाचं पाणी'. शोगुनच्या चहासाठी तिथल्या झऱ्याचं पाणी जायचं, म्हणून त्या जागेला हे नाव पडलं. असा योग कादंबरीत घातला तर संपादक कापून टाकतील.

त्यांच्या काळी 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द रबर टिकावं, तेल-चरबी खवट होऊ नये, अशा कामांसाठी वापरात होता. मुक्त कणांमुळे शरीर म्हातारं होतं, हा सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. कॅटेचिनच्या डोक्यावर आरोग्याचा मुकुट चढला तो त्यानंतरच.

तो चढल्यावर प्रश्न आला, एका कपात हे वाढवायचं कसं? गंमत अशी, की शतकानुशतकं चहा करणाऱ्यांची कला नेमकी उलट्या दिशेची होती. कॅटेचिन म्हणजे तुरटपणा आणि कडवटपणा. उत्तम ग्योकुरो किंवा माचासाठी जपानी शेतकरी तोडणीआधी काही आठवडे झुडपांवर आच्छादन घालतात. ऊन कमी झालं की पानात कॅटेचिन कमी तयार होतं आणि चवीला गोडवा देणारं थिएनिन टिकून राहतं. याउलट उन्हाळ्यातल्या तोडणीचा स्वस्त, राठ पानांचा चहा कॅटेचिनने भरलेला. महाग चहा म्हणजे जास्त अँटिऑक्सिडंट, हे समीकरण झाडालाच मंजूर नाही. माचाचं पारडं जड होतं ते पानच दळून पोटात जातं म्हणून.

आपला सीटीसी चहा आणखी वेगळ्या वाटेने गेला. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडणारं, फाडणारं, वळवणारं यंत्र आणलं. पान असं फाटलं, की त्यातलं एन्झाइम हवेच्या मदतीने कॅटेचिनचं रूपांतर थिअफ्लेविन वगैरे लाल-तपकिरी द्रव्यांत करतं. आपल्या कपाचा रंग, कडकपणा सगळा त्यातला. हिरव्या चहात पान आधी वाफवून किंवा भाजून ते एन्झाइमच मारतात.

मग जपानने सरळ मार्ग घेतला. अर्क काढायचा आणि बाटलीत जास्तीचा घालायचा. १९९१ पासून तिथे 'विशिष्ट आरोग्य उपयोगाचे अन्न' अशी सरकारी मान्यता मिळते, तिला तोकुहो म्हणतात. २००३ मध्ये काओ कंपनीने ती मान्यता घेऊन 'हेल्थिया' हा चहा आणला. ३५० मिलिलिटरच्या बाटलीत ५४० मिलिग्रॅम कॅटेचिन, पोटाचा घेर वाढत चाललेल्यांसाठी. ज्या पदार्थाचे चिमूटभर स्फटिक त्सुजिमुरांनी एवढ्या खटपटीने काढले, तो आता दुकानाच्या फ्रिजमध्ये रांगेत उभा होता.

'जास्त' या शब्दाची मात्र पुढे चौकशी झाली. पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद दाखवणारा ओरॅक नावाच्या आकड्यांचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला. कारण परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरात काय घडेल हे ठरत नाही, आणि कंपन्या तो आकडा सर्रास जाहिरातीत वापरत होत्या. प्यायलेल्या कॅटेचिनपैकी रक्तात पोचतो तो थोडाच भाग. २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं, की नेहमीसारखा उकळून गाळलेला हिरवा चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. पण पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे चहातलं मुख्य कॅटेचिन, घेतलं तर यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसतात.

आणि लोह. चहातली ही तुरट द्रव्यं पोटात लोहाला घट्ट धरतात, विशेषतः भाजी, डाळ, भाकरीतल्या लोहाला. मग ते लोह रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. हे १९७० च्या दशकातच माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. दुधाचा कडक चहाही यातून सुटत नाही, पण मी तर मुद्दाम हीच द्रव्यं जास्त असलेलं पाकीट निवडलं होतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांच्यातली मी एक. त्या पाकिटावर चित्र होतं ते माझ्याच वयाच्या, घाम न आलेल्या, धावणाऱ्या मुलीचं. जेवणापासून लांब प्या, एवढी ओळ छापायला त्यावर जागा होती.

त्सुजिमुरांचे दोन्ही शोध मी वहीत शेजारी शेजारी लिहिले. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, कॅटेचिन अडवतं. दोन्ही एकाच पानात. लिंबू पिळलं की अडवणूक थोडी सैलावते, पुसली जात नाही.

मी ग्रीन टी सोडलेला नाही. सकाळी अकराला एक, संध्याकाळी पाचला एक, जेवणाच्या आसपास नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, १०.९.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीला एक कप करून दिला. तिने घोट घेतला, जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाली, "अगो, हा तर पान नसलेला कात." मग कप बाजूला सारून तिने डबा उघडला.